उण्याचं गाव

एप्रिलच्या ज्या दुपारी मी घाटनांदूरला त्यांच्या दारात ट्रंक टेकवली, त्या दुपारी लिंबाखालची कुत्रीसुद्धा जीभ बाहेर टाकून पडली होती. जनावरांच्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली होती आणि एकट्या माणसाला खोली द्यायला गावात तेवढं एकच घर तयार होतं. मालकांनी मला माठातलं पाणी दिलं, खोलीची किल्ली दिली, आणि मग घरात लग्न ठरल्यासारख्या आनंदात म्हणाले, "आपल्या गावात आज नदी फुटली बगा डॉक्टर. समदं बरफ गेलं वाहून."

मी बाहेर बघितलं. रस्त्यावरचं डांबर मऊ पडलं होतं. मालकाला ऊन लागलं असावं, असं मी मनाशी धरलं आणि भाडेकरूनं पहिल्याच दिवशी वाद घालू नये म्हणून "अरे वा!" म्हणून मोकळा झालो. ते "अरे वा" मला महागात पडलं. पुढची तीन वर्षं, सुटीचे दिवस सोडले तर रोज संध्याकाळी, हा माणूस माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसला आणि मला एका गावाबद्दल सांगत राहिला. ते गाव त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

गाव त्यांना पॅनमन म्हणायचं. साखर कारखान्यात उसाचा रस आटवत आटवत त्यात साखरेचा दाणा धरवणारा जो माणूस असतो, तो पॅनमन. तीस हंगाम त्यांनी हे काम केलं, तेही घरापासून लांब, घाटाच्या खालच्या कारखान्यांत. दसरा झाला की जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. निवृत्त होऊनही शर्टाच्या खिशात काचेचा एक तुकडा असायचाच. उकळत्या रसाचा थेंब या काचेवर घ्यायचा, उजेडात धरायचा आणि दाणा किती आला ते बघायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय. आता रस नव्हता, म्हणून ते त्या काचेवर काहीही घेऊन बघत. माझ्या हातचा चहा घेतला. पावसाचं पाणी घेतलं. एकदा माझ्या दवाखान्यातलं म्हशीचं टॉनिकसुद्धा घेतलं आणि मान हलवून म्हणाले, "ह्यात काही दम न्हाई."

कशाबद्दलही मत विचारलं की ते अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायचे, पाकाची तार बघितल्यासारखी, आणि म्हणायचे, "अजून दाणा धरला न्हाई." शेजारच्या पोरीचं लग्न ठरतंय का? अजून दाणा धरला न्हाई. पाऊस येईल का? अजून दाणा धरला न्हाई. निवडणुकीत कोण येईल, या प्रश्नावर तर त्यांनी निकाल लागल्यानंतरही हेच उत्तर दिलं होतं.

आणि आवाज! तीस हंगाम यंत्रांच्या खडखडाटात काढल्यानं तो कायमचा चढा राहिला होता. ते कुजबुजले तरी समोरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायचं. "डॉक्टर, ही गोष्ट आपल्या दोघांतच ऱ्हाऊ द्या," असं त्यांनी मला पहिल्यांदा हळूच सांगितलं, तेव्हा गिरणीवाला पट्टा थांबवून दारात येऊन उभा राहिला.

ती गोष्ट अशी होती.

त्यांना एकच मुलगा. शिकायला तो पुण्याला गेला तेव्हा आईनं अख्खा महिना एक वेळ जेवून काढला. तिला मी मावशी म्हणायचो. काटक, काळीसावळी, माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, आणि कानानं कमी. किती कमी, हे मला कधी नीट कळलं नाही. पातेलं पडलं तरी मान वळायची नाही, आणि परसातलं शेळीचं पिलू नुसतं ओरडायला बघत असलं तरी उठून जायच्या. नवऱ्यानं आयुष्याचे तीस हिवाळे बाहेर काढलेले. त्यामुळे पोरगं शिकून निघालं तशी मावशींनी एक हद्द आखून दिली होती: "शिकलास ते शिकलास. आता नोकरीला बीडपस्तोर जा. बीडच्या म्होरं न्हाई."

मुलाला नोकरी लागली ती पृथ्वीच्या पाठीमागे. उत्तर अमेरिकेच्या मधोमध सपाट मैदान आहे, पार वरच्या अंगाला, आणि त्या मैदानात एक लहानसं थंड शहर आहे. तिथं ऊस होत नाही. तिथं बीट होतं, पांढरं, मुळ्याच्या जातीचं, आणि त्या बीटाची साखर करतात. आपला मुलगा साखरेतच गेला याचा बापाला अभिमान. पण मावशींना सांगायचं कसं? चार दिवस मालकांनी तोंड उघडलं नाही. पाचव्या दिवशी धीर करून, चुलीपाशी बसून, त्यांच्या कानाजवळ जाऊन म्हणाले, "लेकरू बीटच्या कारखान्यात लागलं."

"बीडच्या?" मावशी म्हणाल्या. "बीडच्या कारखान्यात? मंग कावून असं मेल्यावानी तोंड केलंय? बीड म्हंजी तीन घंट्याचा रस्ता!" आणि त्या उठल्या, हात धुतले आणि साखर आणून नवऱ्याच्या तोंडात घातली.

"तोंडात साखर आली डॉक्टर," ते मला म्हणाले. "आता साखर तोंडात असताना मानूस कसं बोलनार? गिळली. तवापासून गिळलेलीच हाय."

सगळ्या गावाला खरं माहीत होतं. गाव तसं भांडकुदळ, पण या एका बाबतीत एकदिलानं वागलं. मावशी समोर असल्या की सगळे ट ऐवजी ड म्हणायचे.

हे सगळं टिकवायला मालकांना जे जे करावं लागायचं, ते बघून मला आधी हसू यायचं. मुलाचा व्हिडिओ कॉल सकाळी यायचा. आपली सकाळ म्हणजे तिकडची रात्र. "रातपाळी हाय त्याची," मालक सांगायचे, "कायमची." फोन लागला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "परदा लाव आधी!" मुलगा उठून खिडकीचा पडदा ओढायचा, आणि मग मायलेकरांचं बोलणं व्हायचं. मागे निळा पडदा, अंगात साधा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कारण घर आतून उबदार. मावशी फोनकडे बघून रोज एकच विचारायच्या, जेवलास का, आणि मग पदरानं काच पुसून फोन नवऱ्याकडे द्यायच्या.

"उन्हाळ्यात तरी ये म्हनावं चार दिस," त्या कधीतरी म्हणायच्या.

"मशिनी खोलत्यात तवा. सुट्टी न्हाई देत."

"बीडचा सायब लई कडक दिसतोय," मावशी म्हणायच्या आणि शेळ्यांकडे जायच्या.

रोज सकाळी मी दवाखान्यात निघालो की मालक फाटकाशी उभे. एकच शब्द: "किती?" मी मोबाइलवर त्या शहराचं तापमान बघून सांगायचो. उणे बारा. उणे एकोणीस. उणे अठ्ठावीस. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीनं आकडा लिहायचे, आणि आधी एक आडवी रेघ. मावशींना अक्षरओळख नव्हती, पण त्या चौकोनांत दूधवाल्याचे खाडे मांडतात एवढं त्यांना माहीत होतं. खाडा म्हणजे आडवी रेघ. पहिल्या डिसेंबरात त्यांनी बघितलं तर महिनाभर रेघाच रेघा. दुसऱ्या दिवशी त्यांनी दूधवाल्याला दारातच धरला.

"का रं मुडद्या, म्हैनाभर खाडा? मंग रोज सकाळी येतंय कोन, तुजं भूत?"

दूधवाला गडबडून मालकांकडे बघायला लागला. मालकांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "तसे न्हाईत गं ते खाडे. येगळे हायत."

"मंग कशाचे?"

मालकांनी अंगठा आणि बोट घासलं. मावशींनी त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि दूधवाल्याला सोडून दिलं. त्यानंतर त्या कॅलेंडरबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. मी मात्र ही गोष्ट दवाखान्यात तिखटमीठ लावून सांगितली, आणि गावानं त्या शहराला नावच ठेवलं, उण्याचं गाव.

मालकांसाठी मात्र ते "आपलं गाव" होतं. आपल्या गावात जमीन अशी सपाट की घोंगडं अंथरावं. टेकडी म्हणून न्हाई. मंग लेकरं घसरगुंडी कुठं खेळत्यात? तर पुलाच्या भरावावर. रस्त्यांना नावं न्हाईत, नंबर हायत, जनावराच्या कानात बिल्ला असतो तसे. नदी हाय, पन ती उत्तरंला वाहती, उलटी. "आता बगा डॉक्टर, उलटं वाहनाऱ्याचं कसं व्हतं. वरचं बरफ आधी वितळतं, खालचं तसंच. पानी जानार कुठं? येतं मंग लोकांच्या घरात." गाडी उभी केली की तिला विजेची वायर लावून ठेवायची, न्हाईतर सकाळी इंजिन दगड झालेलं. "म्हशीला दावं लावावं तसं गाडीला." बीटाचे ढीग उघड्यावर, टेकडीएवढे, गोठवून ठेवलेले, अन् कारखाना वसंतापर्यंत त्यातलं खात बसतो. आपल्याकडं ऊस दोन दिवस ऱ्हायला तर वाळतो, अन् तिकडं थंडीच राखण करती. हे सांगताना ते खरोखर खूश व्हायचे.

"वास कसा येतो हो तिथल्या कारखान्याचा?" मी एकदा विचारलं.

"मी बी हेच इचारलं त्याला. म्हनला, बाबा, मातीचा. भिजलेल्या मातीचा अन् सडलेल्या पाल्याचा. आपल्यासारखा गोड न्हाई." त्यांनी खिशातली काच काढून हुंगली. "गोड वास न्हाई तर कारखान्यात गेल्यासारखं वाटत नसंल त्याला."

माणसं कमी आणि बोलणं त्याहून कमी. चार-साडेचारलाच दिवस मावळतो. लोक दारं लावून घेतात आणि रस्त्यावर कुणी दिसत नाही. मुलगा कामावरून येतो, भात लावतो, एकटा जेवतो. या वाक्यापाशी त्यांचा आवाज पहिल्यांदा खरोखर खाली यायचा. मला वाटायचं, हा माणूस शहराबद्दल सांगतच नाहीये. स्वतःचे तीस हिवाळे कारखान्याच्या खोलीत कसे गेले, ते तो मला सांगतोय, आणि आता तेच पोराच्या वाट्याला आलं म्हणून जळतोय. मी स्वतः तेव्हा एकटाच होतो. संध्याकाळी स्टीलच्या डब्यातला भात खाताना मला त्यांचं ते वाक्य आठवायचं. कुरकुर करायचो मी, पण ते एखाद्या दिवशी आले नाहीत तर मलाच करमायचं नाही.

एकदा मी म्हटलं, "मालक, माझ्या मोबाइलवर त्या शहराचे शेकडो फोटो आहेत. रस्ते, नदी, सगळं. बघा तरी."

मी फोन पुढे केला तर त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले. लहान मूल औषधाला मिटतं तसे.

"नगं नगं. तिच्या आधी मी बघनार न्हाई."

"म्हणजे?"

"बोलन्यात काय, ट चा ड झालाय. ती चूक हाय, कानाची. पन ती हितं बीड धरून बसलीय अन् मी चोरून त्याचं गाव बघून आलो, तर ती मातर लबाडी व्हईल. बघू तर दोघं बघू."

असा त्यांचा कायदा. पडदा त्यांनीच ओढायला लावलेला, आणि त्या पडद्याच्या अलीकडे तेही मावशींच्या शेजारी बसलेले.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाला, दिवाळीआधी, ते एका दुपारी दवाखान्यात आले. "डॉक्टर, तुमच्याकडं थंडीचं मशीन हाय म्हनं." लशींच्या पेटीत घालायच्या बर्फाच्या पिशव्या गोठवायला आमच्याकडे डीप फ्रीज होता. "किती असतं ह्यात?" मी म्हटलं, उणे वीस. त्यांनी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. मला वाटलं काढतील. काढेनात. हात लाल झाला, मग पांढरट दिसायला लागला, आणि मी तो धरून बाहेर ओढला.

"ह्याच्याहून आठ खाली," ते म्हणाले. बोटं वळत नव्हती. "जानेवारीत ह्याच्याहून आठ खाली मव्हं लेकरू गाडी पुसत उभं ऱ्हातं."

कोपऱ्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवायचं नायट्रोजनचं भांडं होतं. ते दाखवून मी म्हटलं, "मालक, हे बघा, यात उणे एकशे शहाण्णव आहे."

ते त्या भांड्याकडे बघत राहिले. "एकशे शहाण्णव? अन् ह्यातून काढून गायीला लावलं तर वासरू व्हतं?"

"होतं की."

"जितं?"

"उड्या मारणारं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मंग अठ्ठावीस म्हंजी काहीच न्हाई." घरी जाताना ते चक्क शीळ घालत गेले. मी मात्र तो हात विसरू शकलो नाही.

त्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, सांगून टाका मावशींना. आज ना उद्या त्या आजारी पडतील, मुलाला बोलवा म्हणतील. तीन तासांवरचा मुलगा आईला बघायला येत नाही, हे त्यांना काय वाटेल? परदेशातला मुलगा आला नाही तर माणूस समजून घेतं. बीडचा आला नाही तर तो नालायक ठरतो. तुम्ही त्यांचं दुःख वाचवताय, पण पोराला त्यांच्या मनातून उतरवताय.

त्यांचा चेहरा पडला. अंगठा बोटावर फिरायला लागला. "ठावं हाय मला. रोज ठरवतो. पन अजून दाणा धरला न्हाई डॉक्टर. घाई केली तर साखर व्हत न्हाई, खाली निस्ती मळी ऱ्हाती." मग माझ्या उंबऱ्यावरून, त्यांच्या त्या कुजबुजीत, गिरणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काल म्हनत व्हता, बाबा, दोन मोजे घातले तरी पाय बधिर व्हत्यात. हे तिला सांगू? झोप येईल का तिला?"

पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती. मावशी दर दिवाळीला बीडच्या मुलासाठी फराळाचा डबा भरायच्या आणि मालकांनी तो एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचा, असं ठरलेलं होतं. प्रत्यक्षात डबा माझ्या दवाखान्यात यायचा. मालक टेबलावर तो उघडून बसायचे आणि शेळ्या-म्हशी घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या हातावर करंजी ठेवायचे. "नीट खा बे. कशी झालीय सांग. तिला कळवायचंय." स्वतः एकही खायचे नाहीत. कुणी म्हणालं खोबरं जरा जास्त झालं, तर तेही लक्षात ठेवायचे, आणि मग कॉलवर मुलगा सांगायचा, "आई, करंज्या लई भारी. खोबरं जरा जास्त पडलं."

त्या वर्षी करंज्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. काळ्या घोंगडीचे दोन तुकडे, पावलाच्या आकाराचे कापलेले, कडेनं दाट टाके घातलेले. बुटात घालायचे तळवे.

मालक हसले. "बाईमानसाची माया बगा. बीडला थंडी ती केवढी?" मीही हसलो. ते तळवे त्यांनी लातूरला जाऊन, तिकडच्या पत्त्यावर, स्वतः पाठवले. परत आले तेव्हा म्हणाले, "नेमकं काम झालं न्हाई का? योगायोग लई मोठा." आम्ही दोघं शिकलेली, म्हणजे निदान स्वतःला शहाणी समजणारी माणसं. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात पुढचा विचार आला नाही.

तिसऱ्या जानेवारीत एका सकाळी ते फाटकाशी उभे होते. "किती?"

"उणे तेहेतीस. आणि वादळाचा इशारा आहे."

"तेहेतीस," ते म्हणाले आणि आत गेले. तासाभरानं दवाखान्यात मला निरोप आला. कॅलेंडरवर आकडा लिहून ते मागे सरले आणि खाली बसले ते बसलेच. मी पोचलो तेव्हा तालुक्याच्या दवाखान्याची गाडी येऊन, सगळं संपलंय म्हणून सांगून, गेली होती. पेन्सिल पलंगाखाली गेली होती.

अंगण माणसांनी भरलं. मी मुलाला फोन लावून कळवलं. तिकडे विमानतळ बंद होता, रस्ते बंद होते, दोन-तीन दिवस काही निघणार नव्हतं. तो फोनवर नुसता "हां, हां" म्हणत होता. आणि मग ज्याची मालकांना तीन वर्षं भीती होती, तो प्रश्न अंगणात येऊन उभा राहिला. मावशींना सांगायचं काय? बीडहून पोरगं तीन तासांत यायला पाहिजे. त्यांचे चुलत दीर म्हणाले, "एष्टीचा संप हाय म्हना." कुणी म्हणालं, घाटात ट्रक आडवा झालाय म्हणून सांगा. गिरणीवाला चिडला, "तीन दिस आडवा ऱ्हातो का बे ट्रक?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा.

मी आत गेलो. मावशी त्यांच्या उशाशी बसल्या होत्या. मालकांच्या खिशातला काचेचा तुकडा काढून त्यांनी हातात धरला होता. मी वाकून, मोठ्यानं, सुरुवात केली, "मावशी, बीडहून..."

"बीड ऱ्हाऊ द्या आता, डाक्टर," त्या म्हणाल्या. "अन् वरडू नगा. ऐकू येतंय मला."

मी तसाच वाकलेला राहिलो.

"फोन लावा लेकराला. दिसायचा."

मी लावला. निळ्या पडद्यापुढे मुलगा बसला होता, डोळे सुजलेले. आईला बघून त्याला रडू फुटलं. "आई, मी निघतच होतो गं, पण बीडचा..." आणि त्याला पुढचं खोटं सापडेना.

"रडू नगं," मावशी म्हणाल्या. "परदा सार."

"आई..."

"परदा सार म्हनते ना."

मुलगा उठला. पडदा बाजूला झाला. काळोखात रस्त्यावरचा एक दिवा होता आणि त्याच्या उजेडात बर्फ आडवं, जोरात, न थांबता चाललं होतं. खाली पांढऱ्या ढिगात अर्धी बुडलेली गाडी, आणि तिच्या नाकातून निघून भिंतीकडे गेलेली एक वायर. मावशींनी फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं.

"ती वायर लावलेली तुजीच व्हय?"

"हो," मुलगा म्हणाला.

"अन् नदी कुन्या अंगाला? ती उलटी वाहती ती?"

मुलानं काचेवर बोट टेकवून दाखवलं. तिकडे नुसता अंधार होता.

"घोंगडीचे तळवे घातलेस का बुटात?"

त्यानं मान हलवली फक्त.

मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या खोलीची आणि या खोलीची ती सामाईक भिंत. तीन वर्षं तिच्या पलीकडे तो माणूस मला त्याच्या कारखान्याच्या आवाजात एक गाव सांगत होता, आणि अलीकडे ही बाई अंधारात बसून ते शब्दन् शब्द ऐकत होती. मला मावशींचा राग आला, स्वतःचाही आला. "मावशी," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं, तर त्यांना सांगायचं नाही का? किती जळायचे ते."

"पयल्या हिवाळ्यातच कळलं. दुधाचे खाडे न्हाईत म्हनले, तवा लेकराचेच असनार," त्या म्हणाल्या. "पन त्यास्नी वाटायचं, मला बीडचं सुख हाय. तेवढं एक सुख देत व्हते मला. कसं मोडू?" मग मालकांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अन् मला सांगितलं असतं, तर तुमच्या उंबऱ्यावर कशाला आले असते? मला सांगायला लागले की रडले असते. तुमाला सांगताना निदान खुशीत असायचे. मी ऐकत बसायचे भित्तीला पाठ लावून."

बाहेरून चुलत दिरांनी खाकरून विचारलं, "डॉक्टर, काय ठरलं? उचलायचं का? का लेकराची वाट बघायची?"

मावशींनी फोन फिरवला. दोन्ही हातांनी धरून तो मालकांच्या चेहऱ्यासमोर नेला, अगदी जवळ, त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांपाशी. पलीकडे मुलगा खिडकीपुढून बाजूला सरला होता, म्हणजे सगळं दिसावं. बर्फ पडतच होतं.

"आवं," त्या म्हणाल्या, "बगा. दोघं बघू म्हनलं व्हतं ना."

दिरांनी पुन्हा खाकरलं.

"थांबा जरा," मावशी दाराकडे न बघता म्हणाल्या. "त्यांचं गाव बघू द्या त्यास्नी."